हवा कुठून जाते

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात दर दहा दिवसांनी हवा भरावी लागायची. ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) भरून ठेवली की दहाव्या दिवशी २९. डिकीत छोटा कॉम्प्रेसर असतो. त्याची वायर जोडायची, खडखडाट सुरू झाला की शेजारी उभं राहून आकडा चढताना बघायचा, ३३ दिसला की बंद करायचा. पाच मिनिटांचं काम. असं मी सात महिने केलं. म्हणजे वीस-एकवीस वेळा तरी वाकून, व्हॉल्व्हची टोपी काढून, पाइप लावून, टोपी पुन्हा घट्ट बसवून मी समाधानाने उठले. आणि शेवटच्या खेपेलाही मला ठाऊक नव्हतं, की ही हवा जाते कुठून.

मोठा खिळा घुसून टायर भर रस्त्यात बसला असता, तर त्याच दिवशी निकाल लागला असता. हळू उतरणारा टायर कधीच अडवत नाही. तो रोज नेतो, रोज आणतो, आणि थोडीशी हवा मागतो. 'स्लो पंक्चर' हा शब्द आपण सगळेच वापरतो, पण त्यातलं 'पंक्चर' कानावरून जातं आणि 'स्लो' तेवढं मनात राहतं. मग घाई कसली, असं वाटू लागतं.

हवा भरली की काम केल्यासारखं वाटतं. खरी अडचण तिथेच होती, हे मला फार उशिरा कळलं. २९ हा आकडा काहीतरी सांगायला यायचा आणि मी त्याचं म्हणणं ऐकायच्या आधीच त्याचा ३३ करून टाकायचे. दर वेळी माझ्याच हाताने मी पुरावा पुसत होते. सात महिन्यांत एकदाही मी तारीख लिहिली नाही. बाकीच्या तीन चाकांची हवा त्याच दिवशी मोजून पाहिली नाही. 'हल्ली जरा लवकर उतरते का?' असं एकदा मनात आलं होतं, पण मागची हवा नक्की कधी भरली होती तेच आठवेना, म्हणून तो विचारही तिथेच राहिला.

डोळ्यांवर तर मुळीच विसंबू नये. आजकालच्या रेडियल टायरची बाजू हवा पूर्ण असतानाही जमिनीपाशी थोडी फुगलेलीच दिसते. ३३ आणि २६ मधला फरक बघून ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड जातं. टायरला लाथ मारून अंदाज घेणारे पुष्कळ पाहिले आहेत. मोटारीच्या टायरच्या बाबतीत त्यातून काही कळत असेल, असं मला वाटत नाही. दाब मोजायचा गेज हवाच, आणि तो स्वतःचा हवा. दोन गेज सहसा तंतोतंत सारखं दाखवत नाहीत. एकदा इथला आणि एकदा तिथला आकडा घेतला, तर हवा उतरली की गेज बदलला, हे सांगता येत नाही. गळती शोधताना गेज एखाद्या पीएसआयने चुकत असला तरी चालतं, फक्त तो दर वेळी तेवढाच चुकायला हवा.

इतकं मोजूनमापून का करायचं, असं कुणालाही वाटेल. चार पीएसआयने काय बिघडतं? मलाही तसंच वाटायचं. मग एकदा कागदावर गणित मांडलं. गाडीचं वजन रबर पेलत नाही, हवा पेलते. बाराशे किलोची गाडी असेल तर एका चाकावर साधारण तीनशे किलो भार येतो. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो. तीनशेला २.३ ने भागलं की १३० चौरस सेंटीमीटर येतात. म्हणजे आपल्या उघड्या पंजाएवढी जागा. एवढ्याशा जागेवर एकेक चाक जमिनीला टेकलेलं असतं. हिशेब ढोबळ आहे, टायरच्या भिंतीचा ताठपणा त्यात धरलेला नाही, पण चित्र खरं आहे. हवा २५ वर आली की तोच भार पेलायला १७० चौरस सेंटीमीटर जागा लागते, आणि ती मिळवण्यासाठी टायर अधिक चेपला जातो. त्याच्या भिंती अधिक वाकतात. ताशी साठच्या वेगाला मध्यम मोटारीचं चाक सेकंदाला आठ-नऊ फेरे घेतं. म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला आठ-नऊ वेळा वाकून सरळ होतो. रबर असं वाकवत राहिलं की तापतं. ती उष्णता आत साठते आणि रबर व पोलादी तारा यांची पकड सैल करत जाते. बाहेरून टायर तसाच काळाभोर, धडधाकट दिसत असतो.

डॅशबोर्डवर हवेचा दिवा असतो की, असं मला अनेकांनी सांगितलं. माझ्याही गाडीत तो आहे. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्यानंतर अशा यंत्रणेची सक्ती आली, आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत ती आवश्यक झाली. तिथल्या नियमाप्रमाणे हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेली की दिवा लागायला हवा. ३३ चे २५ टक्के म्हणजे आठ. म्हणजे पंचविसाच्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प राहिला, तरी तो नियमात बसतो. त्या सात महिन्यांत माझा टायर २९ च्या खाली कधी गेलाच नाही, कारण मी त्याला जाऊच देत नव्हते. दिव्याला बोलायची वेळ मी येऊ दिली नाही.

शिवाय हे दिवे दोन जातींचे असतात. एका प्रकारात चाकाच्या आत व्हॉल्व्हपाशी बसवलेला सेन्सर खरोखर दाब मोजतो. दुसऱ्या प्रकारात दाब मोजलाच जात नाही. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे कळत असतं, त्यावरून अंदाज बांधला जातो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून तेवढंच अंतर कापायला इतरांपेक्षा जास्त फिरतं. युक्ती सुंदर आहे, पण तिचा सगळा भर तुलनेवर आहे. चारही चाकांतली हवा सारखीच उतरत गेली, तर तुलना करायची कुणाशी?

अखेर जे काम दिव्याने केलं नाही, ते शाळेच्या जुन्या वहीने केलं. आधी सगळी चाकं ३३ वर आणली. वहीत चार रकाने आखले आणि रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, चारही चाकांचा दाब लिहायला सुरुवात केली. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे, कारण चालून आलेल्या टायरमधली हवा तापून दाब सहज तीन-चार पीएसआयने चढलेला असतो. बाहेरचं तापमानही लिहीत गेले. तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरलं की टायरचा दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो, टायरमधून काहीही बाहेर गेलेलं नसताना. थंड पहाटे घाबरायचं कारण नसतं, तर उन्हाच्या दुपारी खरी गळती झाकली जाते.

बारा दिवस मी हवा भरली नाही. नुसतं लिहीत राहिले. हे वाटतं त्यापेक्षा अवघड गेलं. ३१ दिसल्यावर हात आपोआप कॉम्प्रेसरकडे जायचा. पण बाराव्या दिवशी वहीकडे पाहिलं तेव्हा सात महिन्यांत कळलं नव्हतं ते एका पानावर स्पष्ट होतं. तीन चाकं ३३ च्या आसपास, तापमानाबरोबर एकत्र वर-खाली होत होती, आणि चौथं त्यांच्यातून निघून रोज सुमारे ०.४ ने खाली चाललं होतं. ती तीन चाकं माझे साक्षीदार होती. एकट्या चाकाचा आकडा कितीही वेळा घेतला असता तरी थंडी, गेज, मोजण्याची वेळ यांवर संशय घेता आला असता. तिघांनी मिळून साक्ष दिल्यावर संशयाला जागा उरली नाही. उतार एकसारखा होता. म्हणजे गळती चालताना आणि उभं असताना सारखीच होती, आणि वाढत नव्हती.

वहीतली आणखी एक गोष्ट मला नवी होती. पुढे दोन-तीन महिने नोंदी चालू ठेवल्या, तेव्हा दिसलं की ती तीन चांगली चाकंसुद्धा थोडी थोडी उतरतात. त्यांना भोक नाही, खिळा नाही, व्हॉल्व्ह ठणठणीत. तरीही उतरतात. मग मी वाचत गेले आणि थेट १८३० च्या सुमाराच्या फिलाडेल्फियात पोहोचले. तिथे जॉन किअर्सली मिचेल नावाच्या डॉक्टरांनी रबराचे फुगे वेगवेगळ्या वायूंनी भरून पाहिले होते. कुठेही छिद्र नसताना फुगे आकसतात, आणि प्रत्येक वायूने भरलेला फुगा वेगवेगळ्या गतीने आकसतो, हे त्यांनी नोंदवलं. त्याचं उत्तर १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी दिलं. वायू रबरातल्या छिद्रांतून निसटत नाही, तो रबरात विरघळतो, रबरातून पलीकडे सरकतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा बाहेर पडतो. ऑक्सिजन या वाटेने नायट्रोजनपेक्षा लवकर जातो. ग्रॅहम यांनी रबराच्या पडद्यातून ओढून घेतलेल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण ४१ टक्क्यांपर्यंत वाढलं होतं, साध्या हवेत ते २१ असतं.

हे वाचलं तेव्हा लहानपणच्या सायकलची आठवण झाली. तिची चाकं मऊ पडायची, पाण्यात ट्यूब बुडवली तरी कुठे बुडबुडा नाही, आणि मी चिडून म्हणायचे की ट्यूबच खराब आहे. बाबा म्हणायचे, "काही नसतं गं, रबरातूनच जाते हवा." ते मी खरं मानलं नव्हतं. वाटायचं, शोधायचा कंटाळा आला म्हणून सांगताहेत. ते शब्दशः खरं होतं.

या जाण्याला मोठा आवर बसला तो ब्युटाइल रबराने. ते १९३७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलं. नैसर्गिक रबरातून जेवढी हवा झिरपते त्याच्या जेमतेम आठवा-दहावा हिस्सा ब्युटाइलमधून झिरपतो. आधी ट्यूब त्याच्या बनू लागल्या, आणि आज ट्यूबलेस टायरच्या आतल्या अंगाला त्याच कुळातल्या रबराचं पातळ अस्तर असतं. नायट्रोजन भरण्याबद्दल विचारणाऱ्यांनाही यातच उत्तर आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी नियतकालिकाने टायरांच्या जोड्या ३० पीएसआयवर भरून वर्षभर ठेवून दिल्या होत्या. नायट्रोजन भरलेले सरासरी २.२ ने उतरले, साधी हवा भरलेले ३.५ ने. फरक आहे, पण तो वर्षभराचा आहे. माझं चाक दहा दिवसांत चारने उतरत होतं. त्याच्यात कोणताही वायू भरला असता तरी तो त्याच वाटेने गेला असता. महिन्याला एखादा पीएसआय गेला तर तो झिरपण्यात धरावा. दोनच्या वर गेला तर शोधायला बसावं.

शोध घेताना मी पहिल्यांदा एका ठिकाणी चाक दाखवलं. त्यांनी ते काढलं, पाण्याच्या टाकीत बुडवलं, एकदा गोल फिरवलं, "काही नाही, पंक्चर नाहीये" म्हणून हवा भरून परत दिलं. मी ते मान्य करून घरी आले. तेव्हा वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं, वहीही नव्हती. आता हिशेब सांगते. मध्यम मोटारीच्या टायरच्या पोटात साधारण तीस लिटर जागा असते. चार पीएसआय कमी होणं म्हणजे बाहेरच्या दाबाने मोजली तर जवळपास आठ लिटर हवा जाणं. दहा दिवसांची मिनिटं १४,४००. भागाकार केला की मिनिटाला अर्ध्या मिलिलिटरहून थोडी जास्त हवा येते. डोळ्यांत घालायच्या औषधाचे दहा-अकरा थेंब होतील, तेवढी. ती एकाच छिद्रातून बुडबुड्यांनी निघाली तर तीन-चार सेकंदांना एक, वाटाण्याहून लहान बुडबुडा. आणि बोटभर लांबीच्या कडेतून झिरपली तर बुडबुडा दिसणारच नाही, नुसता बारीक फेस धरेल, तोही कुणी मिनिटभर थांबलं तर. त्या दिवशी चाक एकेका जागी एखादा सेकंद थांबलं असेल. वर पाण्यात घातलेल्या रिमच्या खाचांमध्ये अडकलेली हवा आधी बुडबुडून घेते, त्यात खरं काय ते हरवतं.

बाबांची पद्धत वेगळी होती. सायकलची ट्यूब ते घमेल्यातल्या पाण्यात वीतभर वीतभर पुढे सरकवायचे. प्रत्येक वितीला थांबायचे. पाणी हलायचं बंद होईपर्यंत बोलायचे नाहीत. बुडबुड्यांची माळ दिसली की ट्यूब पुसून कॉपिंग पेन्सिलने जांभळी फुली करायचे. पॉलिश पेपरने तेवढाच भाग घासायचे, त्यावर सोल्युशन लावायचे, आणि मग मला सगळ्यात असह्य वाटणारी गोष्ट करायचे. ठिगळ हातात धरून बसून राहायचे. सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावलं तर ते घट्ट बसत नाही, वरचा द्रव उडून जाऊन बोटाला चिकट लागेल इतकंच उरावं लागतं, हे तेव्हा मला समजत नव्हतं. "लाव ना आता" म्हणून मी मागे लागायचे. ते फुंकरही घालू द्यायचे नाहीत, थुंकीचा ओलावा बसेल म्हणून.

त्यांची आठवण ठेवूनच मी दुसऱ्यांदा शोधायला बसले. एका सुट्टीच्या सकाळी, साबणाचं दाट पाणी आणि पाणी मारायची बाटली घेऊन. आधी टायरचा जमिनीला लागणारा पट्टा पाहिला. गाडी पाव-पाव फेरा पुढे घेत गेले, म्हणजे दडलेला भागही वर येतो. दुसऱ्याच पाव फेऱ्यात एका खाचेशी सुतार वापरतात तसली बारीक चूक रुतलेली दिसली. मनात म्हटलं, सापडलं. साबणपाणी मारलं, मिनिटभर पाहिलं, चूक पक्कडीने हलवून पाहिली. काहीच नाही. मग ती उपटली, तर जेमतेम पाच मिलिमीटरची निघाली. नव्या टायरवरचे ठोकळेच आठेक मिलिमीटर उंच असतात, ती आत पोहोचलीच नव्हती. टायरमध्ये काही रुतलंय म्हणजे पंक्चर तिथेच, असं नसतं. मात्र साबणाला फेस आला असता तर मी ती तशीच राहू दिली असती. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा स्वतःच बूच झालेला असतो. तो रस्त्यात उपटला, की दहा दिवसांची गळती दहा मिनिटांची होते.

मग व्हॉल्व्ह. टोपी काढून तोंडावर साबणाचा थेंब ठेवला, आतली पिन नीट बसत नसेल तर तो थेंब फुगतो. घाईत थुंकी लावूनही हे बघता येतं. तो फुगला नाही. मग व्हॉल्व्हचा रबरी दांडा हळूच चारी बाजूंना वाकवत बुडाशी पाणी मारलं, कारण तिथल्या भेगा वाकवल्यावरच उघडतात. तिथेही काही नाही. टोपीबद्दल एक सांगायला हवं. अनेकजण ती हरवली तर पुन्हा बसवत नाहीत. पिनेच्या तोंडाशी धूळ-चिखल जाऊ न देणं हे तिचं काम, आणि पिनेतून थोडं झिरपलंच तर आतल्या वॉशरची चांगली टोपी तेवढं धरून ठेवते.

राहिली टायरची कड, रिमला चिकटून बसते ती. बीड म्हणतात तिला. पोलादी तारांचं कडं रबरात मढवलेलं असतं आणि आतल्या हवेच्या दाबानेच ते रिमवर घट्ट दाबून बसतं. बाहेरच्या बाजूने सगळा घेर पाहिला, कोरडा. आतली बाजू गाडीखाली असते, तिथे डोळा पोहोचत नाही. जॅक लावला, चाक काढून आडवं ठेवलं, आतली कड वर करून गोल पाणी सोडलं आणि थांबले. पहिलं मिनिट काही नाही. दुसऱ्या मिनिटाला, बॅलन्सिंगचं शिसं (चाक थरथरू नये म्हणून लावतात ते वजन) जिथे रिमच्या काठाला चिमट्याने अडकवलं होतं त्याच्या शेजारी, चार बोटं लांबीची एक पांढरी रेघ उमटली. बुडबुडे असे नाहीतच. टाचणीच्या टोकाहून बारीक फेस, मुंगीच्या गतीने वाढणारा. बोटाने पुसला, पुन्हा आला. पुन्हा पुसला, पुन्हा तिथेच आला.

मला त्या फेसाकडे बघून जो आनंद झाला तो कुणाला सांगता येईल असं वाटत नाही. सात महिने जी हवा नुसती 'जात' होती, तिला आता जागा होती. मी खडूने टायरवर दोन रेघा मारल्या, इथपासून इथपर्यंत. पेन्सिलची जांभळी फुली नव्हे, पण काम तेच.

खडूच्या रेघा असलेलं चाक घेऊन मी दुसऱ्या एका कारागिरांकडे गेले. त्यांनी रेघा पाहिल्या, काही विचारलं नाही, टायर रिमवरून सोडवला आणि मला जवळ बोलावलं. "ताई, हे बघा." अलॉय रिमवर बीड बसते त्या पट्टीवर पांढुरकी, खरखरीत पापुद्र्यांची साय आली होती. रंगाखाली पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. त्याचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगून उचलला जातो, आणि सपाट हव्या त्या पट्टीवर खडबडीत उंचवटे तयार होतात. रबर कितीही दाबून बसलं तरी त्या उंचवट्यांच्या मधून हवेला वाट राहते. मग त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडली. हात टायरच्या आत घालून भिंतीच्या आतल्या अंगावरून बोटं सगळीकडे फिरवली आणि बोटं उजेडात धरून पाहिली. कमी हवेवर चाललेल्या टायरमध्ये आतलं रबर घासून काळा भुगा पडतो. तो सापडला तर टायर बाद, बाहेरून कितीही चांगला दिसला तरी. बोटं स्वच्छ होती. सात महिने मी वरचेवर हवा भरत राहिले त्याचा एवढा फायदा मात्र नक्की झाला होता.

त्यांनी पट्टी तारेच्या ब्रशने आणि मग घासणीने चमकेपर्यंत साफ केली, बीडचं रबर पुसलं, त्यावर बीड सीलर लावला, टायर चढवला. पाऊण तास लागला. टायरला एक टाकाही घालावा लागला नाही, कारण टायरचा त्यात काही दोष नव्हता. याआधी मला नवा टायर घ्यायचा सल्ला मिळाला होता. तो घेतला असता तर त्याच गंजक्या रिमवर नवा टायरही तसाच उतरत राहिला असता.

खिळ्याच्या पंक्चरबद्दलही त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. बाहेरून सळईने स्ट्रिप खुपसून केलेली दुरुस्ती पाच मिनिटांत होते आणि वेळ निभावून नेते. पण टायर न उतरवता केल्यामुळे आत काय झालंय हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि त्या स्ट्रिपच्या कडेने काही महिन्यांनी झिरपणं सुरू होऊ शकतं. नीट दुरुस्ती म्हणजे टायर उतरवून, आतून तपासून, भोकात बूच आणि आतून ठिगळ, दोन्ही. तेही फक्त जमिनीला लागणाऱ्या पट्ट्यात, आणि भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तरच. खांदा किंवा बाजूची भिंत फाटली तर दुरुस्ती करून घेऊ नये. ती भिंत सतत वाकते, तिथे ठिगळ टिकत नाही, आणि सुटलं तर हळू सुटत नाही.

ट्यूबच्या काळात असा वेळ मिळत नसे. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, डनलॉप यांनी १८८८ मध्ये सायकलसाठी ते नव्याने आणलं, आणि त्यानंतर कित्येक दशकं चाक म्हणजे ट्यूब आणि पंक्चर म्हणजे तिथल्या तिथे थांबणं. ट्यूबला भोक पडलं की हवा ट्यूब आणि टायर यांच्या मधून रिमकडे पळते. अमेरिकेत १९४७ मध्ये ट्यूबलेस टायर जाहीर झाला, त्याने खिळ्यालाच बूच बनवलं आणि चालवणाऱ्याला दिवस, कधी आठवडे मिळवून दिले. किती जीव त्याने वाचले असतील. मी मात्र ते मिळालेले आठवडे हवा भरण्यात घालवले, शोधण्यात नाही. हे मला अजून खटकतं.

चाक परत बसवून आणल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून पाहिले. वही चालूच ठेवली. पंधरा दिवसांनी मागचं डावं ३३, महिन्याने ३२.५, बाकीच्या तिघांच्या ओळीत. मग त्या दिवशी, का कोण जाणे, डिकीचा तळ उचलला आणि स्टेपनीकडे लक्ष गेलं.

स्टेपनी हे वेल्समधल्या लानेली गावातल्या एका रस्त्याचं नाव आहे. १९०४ मध्ये तिथे डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला. तेव्हा मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. त्यांचं चाक म्हणजे आऱ्यांशिवायची रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर, बसलेल्या चाकाला बाजूने अडकवून पुढे जाता यावं म्हणून. ते अडकवायचं चाक केव्हाच गेलं, शब्द मराठीत राहिला.

माझी स्टेपनी चार वर्षांत एकदाही खाली उतरली नव्हती. ठोकळे नवे कोरे, रबरावरचे बारीक केसही शाबूत. तिला खिळा लागायचा संबंध नाही, रिम कोरडी. गेज लावला. १४.

कुठून गेली, ते आता मला विचारावं लागलं नाही. ग्रॅहम यांचं उत्तर तळाशी अंधारात पडून होतं, चार वर्षं. तरी साबणाचं पाणी घेऊन व्हॉल्व्ह पाहिला, दोन्ही कडा पाहिल्या, प्रत्येक जागी पाणी शांत होईपर्यंत थांबले. कुठेच फेस नाही. कॉम्प्रेसर लावला, ३३ पर्यंत भरली, टोपी बसवली. मग वहीत चार रकान्यांच्या शेजारी पाचवा आखला, वर 'स्टेपनी' लिहिलं, तारीख घातली, आणि तिच्या खाली आधी १४ लिहिलं, मग ३३.